कावळा शिवला, कुपा राहिला

दादा, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्या झटक्यात शिवला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

गुरुजींनी पिंड ठेवून हात पुरता मागेही घेतला नव्हता. ग्वारीघाटावरच्या त्या झाडावरून एक कावळा सरळ खाली उतरला, भाताला चोच मारली आणि उडून गेला. वसंताने, आपल्या चुलतभावाने, हुश्श केलं, कारण त्याला नागपूरची गाडी गाठायची होती. तुझ्या फॅक्टरीतले लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. आणि तुझे ते मोठे साहेब, ज्यांनी दर वेळी तुझी रजा नामंजूर केली, ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "देखिए बहनजी, कितने तृप्त होकर गए. कोई इच्छा बाकी ही नहीं थी उनकी."

कोई इच्छा बाकी ही नहीं थी! मी त्या माणसाला नर्मदेत ढकललं नाही, ही आईची शिकवण समज.

बायका घाटावर येत नाहीत असं मला सगळ्यांनी सांगून पाहिलं. वहिनी घरी थांबली, मी मात्र मुद्दाम गेले. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. ऊन चढेल, सगळे ताटकळतील, मग नेहमीच्या रीतीने एकेकजण पुढे होऊन सांगायला लागेल, पेन्शनचं मी बघतो, वहिनींना अंतर देणार नाही, शकूची काळजी करू नकोस. कावळा ढिम्म. आणि सगळ्यांची वचनं संपली की मी उठणार होते आणि ठणकावून सांगणार होते, की या माणसाला समुद्रात जाऊन कुपा मासा धरायचा होता आणि तुम्ही लोकांनी त्याला जाऊ दिलं नाही. त्यापुढे वचन काय द्यायचं ते मी ठरवलंच नव्हतं. मला फक्त ते तुझ्या साहेबांसमोर मोठ्याने बोलायचं होतं. त्या कावळ्याने माझं भाषण घशातच अडकवलं.

फॅक्टरीत जन्मभर तू फौजेला जाणाऱ्या वस्तू तपासल्यास. भिंगाखाली धरल्यास, मापाला लावल्यास, ठोकून पाहिल्यास, आणि मनात शंका आली की लाल खडूची फुली मारून परत पाठवल्यास. आणि तुझ्या स्वतःच्या बाबतीत ही असली तपासणी? एक चोच मारली की पास? तुझ्या हाताखालच्या कोणी असं काम केलं असतं तर तू त्याला गेटबाहेर उभं केलं असतंस.

हे खूळ तुझ्या डोक्यात परबकाकांनी भरवलं. ते कोकणातले, तुझ्या खात्यात बदलून आलेले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की त्यांना गाव आठवायचं आणि गाव आठवलं की कुपा आठवायचा. खोल समुद्रातला मासा, वासराएवढा, आतून मांस लालभडक, आणि गळाला लागला की उड्या न मारता सरळ खाली पाताळाकडे धावणारा. तू तोवर नर्मदेच्या डोहात महासीर धरलेले होतेस आणि त्यावर खूश होतास. त्या दिवशी फॅक्टरीतून घरी आलास तो सायकल दाराला लावायची विसरून आत आलास. "शकू," म्हणालास, "आपण आजपर्यंत नदीत खेळून राहिलो."

आपल्या घराण्यात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि नर्मदेला टेकले ते टेकलेच. मी शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर निळ्या खडूने अरबी समुद्र रंगवते, भरती-ओहोटी समजावून सांगते, आणि मुलींनी विचारलं की बाई, तुम्ही पाहिला का, तर खडू शोधायला लागते. तू म्हणालास, चल, दोघं जाऊ, तू भूगोल बघ, मी कुपा बघतो. तू असा सहज म्हणालास की जणू सदर बाजारात भाजी आणायला निघालो.

मग जायचं सोडून तू गळाची काठी शोधायला लागलास.

पहिली काठी सदरमधल्या त्या जुन्या सामानाच्या दुकानातली. फौजेतले साहेब बदली होऊन गेले की त्यांच्या खुर्च्या, बूट, टेनिसच्या बॅटी तिथे यायच्या, त्यातच ती होती. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली, तीन तुकड्यांची, जोडावर पितळी टोप्या. मला ती फार आवडली होती. तू ती अंगणात उभी धरलीस, शेंड्याला पाण्याची बादली टांगलीस आणि किती वेळ नुसता बघत बसलास. मग मला समजावलंस, ही महासीरची काठी आहे, हिचा शेंडा लवचीक, गळ लांब फेकायला छान. पण कुपा काही दूर फेकून धरायचा नसतो, तो होडीच्या खाली असतो आणि त्याला खालून वर उचलावा लागतो, पंपाने पाणी उचलतात तसा. त्याला आखूड काठी पाहिजे, बुडाशी ताठ, आणि जोड कमीत कमी. जितके जोड तितक्या मरायच्या जागा. बादली खाली उतरवलीस आणि त्या देखण्या काठीवर लाल फुली मारलीस.

दुसरी पोलादी. ती आतून पोकळ होती, तू तिच्यात कापसाचा बोळा सारून बाहेर काढलास तर बोळा तांबडा झाला. "नदीच्या पाण्याने ही गत, मग समुद्रात काय होईल?" फुली. रिळांचं तर विचारूच नकोस. पहिलं रीळ लाकडाचं होतं, त्याला ब्रेकच नाही, मासा धावला की मूठ गरगर उलटी फिरायची आणि बोटं फोडायची. दुसरं पितळेचं, चांगलं जड, ते तू मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलंस. कशात बुडवलंस? वहिनीच्या लोणच्याच्या बरणीत! मोठ्या तोंडाचं भांडं घरात तेवढंच होतं म्हणे. वहिनी कैऱ्या चिरून, मसाला कालवून वाट बघतेय आणि बरणीत समुद्र भरलेला.

"अहो, मी लोणचं कशात घालू?" ती म्हणाली.

"थांब ना, काहून घाई करून राहिली? अजून कळकायचं आहे."

ते कळकलं, स्क्रूभोवती हिरवा थर आला, फुली बसली, आणि बरणी कितीदा धुतली तरी त्या वर्षीच्या लोणच्याला कोणी हात लावला नाही.

परबकाका यायचे तेव्हा पोट धरून हसायचे. "अरे बाबा, काठी कित्याक होयी?" ते म्हणायचे. "दोरी हातात धरूची. कुपो धावलो की सोडूची, दमलो की वडूची. आमचे बापजादे असेच धरीत इले."

"तसं धरणं म्हणजे नशीब झालं, परब," तू म्हणायचास. "मला काठीने धरायचा आहे. कुठे किती ताण येऊन राहिला ते मला कळलं पाहिजे."

तुला ताण कळायला हवा होता, मासा नाही. हे मी तुला त्याच वेळी तोंडावर सांगितलं होतं आणि तू नेहमीसारखं हसून टाळलंस. आणि लोक म्हणतात निरिच्छ! अरे, निरिच्छ माणूस रविवारी सकाळी मदन महालच्या टेकडीवर जाऊन, त्या एकावर एक बसलेल्या शिळांवर उभा राहून, जिथे पाण्याचा थेंब नाही तिथे दोरीला शिशाचा गोळा बांधून खाली सोडतो आणि वर ओढतो का? शेजारच्या शुक्लाजींनी तुला तिथे पाहिलं आणि काळजीने मला येऊन विचारलं, "मास्टरनीजी, भैया की तबीयत तो ठीक है? पहाड़ पर मछली मार रहे हैं." मी म्हटलं, ठीक आहे, तिथले दगड सध्या चांगले लागून राहिलेत.

आणि सायकलचं प्रकरण मी मेल्यावरही विसरणार नाही.

तुला शेवटी एक बरं रीळ मिळालं होतं. मोठं, काळं, बाजूला चांदणीच्या आकाराचं चाक, ते आवळलं की ब्रेक आवळायचा. तू मला समजावलंस की कुपा धावला तर त्याला अडवायचं नसतं. अडवलं की दोरी तुटते. धावू द्यायचं, पण फुकट नाही, दोरीच्या प्रत्येक हातागणिक त्याचा दम काढायचा. म्हणून ब्रेक असा पाहिजे की सारखी ओढ देईल, पण कुठेही अडखळणार नाही. हे सगळं मला पटलं. मग तू ती दोरी माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधलीस, पट्ट्यात काठीचं बूड खोचून रस्त्यात पाय रोवून उभा राहिलास आणि म्हणालास, "चल शकू, तू कुपा. पळ!"

मी नऊवारी नाही तरी सहावारी नेसलेली, शाळेत मुख्याध्यापिका होऊ घातलेली बाई. पण पळाले. मदन महाल स्टेशनाच्या उतारावर जीव खाऊन पायडल मारले. मागे रीळ किर्रर वाजतंय, तू ओरडतोयस, "अजून! अजून!" शुक्लाजी फाटकात उभे. "ये क्या हो रहा है, मास्टरनीजी?" "मछली बनी हूँ!" मी ओरडले, आणि त्याच क्षणी तुझा ब्रेक अडखळला. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि मी पुढे गेले.

मी रस्त्यावर पडलेली, गुडघ्यातून रक्त वाहतंय, आणि तू लांबून काय ओरडलास? "शकू, हलू नको! दोरी कुठवर गेली ते बघू दे!"

मी घरी येऊन तुझ्याशी बोलणं टाकलं. वहिनीने हळद लावली आणि माझ्याहून जास्त चिडली. तू मात्र दोन्ही बायका रागावलेल्या असताना ओसरीत बसून रीळ उघडलंस, आतल्या झिजलेल्या चकत्या काढल्यास आणि चामड्याच्या नव्या कापून घातल्यास. ते चामडं माझ्या चपलेचं होतं हे मला शाळेत जायच्या वेळेला कळलं. पण दादा, खरं सांगते, त्या उतारावर मी जितकी हसले तितकी नंतर कधी हसले नाही. बाबा गेल्यावर सगळे सांगत होते की हिचं शिक्षण पुरे, आता उजवून टाका. तू एकटा म्हणालास की तिला शिकायचं आहे तोवर शिकू दे. नर्मदेवर गळ टाकायला नेलंस तेव्हा काठावरचे पुरुष टकमका बघत होते, त्यांच्याकडे तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. भावाचे कोण मानतं? आता मानते, तर ऐकायला नाहीस.

जायचं तर तीनदा ठरलं. दर वेळी दिवाळीनंतर, कारण परबकाका म्हणायचे की तेव्हा समुद्र शांत असतो. पहिल्या वेळी ट्रंक भरली आणि चीनची लढाई सुरू झाली. रजा रद्द. दुसऱ्या वेळी पाकिस्तानची झाली. ती लवकर संपली म्हणून मी खूश, तर तू म्हणालास आता वापरलेलं सगळं परत भरून काढायचं आहे. भोंगा वाजला की तू सायकलवर, पुढचा भोंगा वाजला की पुढच्या पाळीलाही तूच. गेल्या वर्षी परबकाका निवृत्त होऊन गावी गेले, जाताना म्हणाले, पुतण्याची होडी तयार आहे, येवा. आम्ही दिवाळीचा फराळ बांधूनच ठेवला होता. तर बांगलादेशची लढाई. खिडक्यांना काळे कागद, घरात अंधार, आणि तू फॅक्टरीत. दोन देशांनी मिळून तीनदा तुझी रजा खाल्ली, आणि तुला कोणाचाही राग आला नाही. माझा संताप याच्यावर आहे. लढाईत काम केलंस म्हणून नाही, ते करायलाच हवं होतं. पण मधल्या काळात? मध्ये किती हिवाळे आले नि गेले, लढाई नव्हती, काही नव्हतं, आणि तू काठी पास होत नाही म्हणून बसून राहिलास!

एकदा मी तुला विचारलं होतं, मजेसाठी मासे धरायला जायचं, त्यात एवढी चिकित्सा कशाला? मोडली काठी तर मोडली. तू जेवत होतास. घास हातात तसाच ठेवून म्हणालास, "मी पास केलेली वस्तू कोण्या पोराच्या हातात जाते, शकू. तो मला ओळखत नाही. नुसता विश्वासाने ओढतो. ही सवय मला गेटवर टोपीसारखी काढून ठेवता येत नाही." मी तुझ्या ताटात भात वाढला. उत्तर आता सुचतंय. त्या पोरांचं बरोबर आहे रे, पण तुझ्या स्वतःच्या हातातही कधी काही पडायला हवं होतं, त्याचं काय?

शेवटची काठी परबकाकांनीच मुंबईहून मागवून पाठवली, त्यांचा भाचा जहाजावर आहे त्याच्याकडून. काचेच्या धाग्यांची, आखूड, बुडाशी जाड, एकच जोड, मुठीपाशी. तू तिला बादली टांगलीस, मग दुसरी टांगलीस. वाकली आणि सरळ झाली. मिठाच्या पाण्यात ठेवलीस, काही झालं नाही. मी मनातल्या मनात सामान भरायला घेतलं. मग तू तो जोड हातात घेतलास, फट मोजायचं सगळ्यात पातळ पातं त्याच्यात सरकवलंस आणि तुझा चेहरा पडला. "पातं जातंय, शकू. जोड ढिला आहे." फुली.

यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून चालू आहे, निदान माझ्या बाजूने. मी म्हटलं, मासा खाली ओढतो, ओढ एकाच बाजूला, त्या ओढीने जोड आपोआप घट्ट बसेल. तू म्हणालास, "एकाच बाजूला ओढतो हे तुला कोणी सांगितलं? होडीखालून पलीकडे गेला तर? जोड हलला की त्याच जागी चीर जाणार." मी म्हटलं, मग पितळेचं एक कडं बसव, फॅक्टरीत लेथवर चुटकीसरशी होईल. सगळे आपल्या घरचे चिमटे नि झारे तिथे करून आणतात. तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी देवळातला पैसा उचलायला सांगितला. "लढाई चालू आहे आणि सरकारी मशीनवर मासे धरायची काठी?" मी म्हटलं, बरं, संपल्यावर. तर म्हणालास, "लढाई संपते कुठे?"

पुढे लढाई संपली. तू काठी पुन्हा काढलीस, पुन्हा पातं घातलंस, पुन्हा गेलं. मी वैतागून म्हटलं की ही काठी मोडणार नाही, मी लिहून देते. तू हसलास. "लिहून नको देऊ, सिद्ध कर." त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तुझ्या छातीत कळ आली. वादाचा शेवटचा शब्द तुझा राहिला, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

आता घाटावरून घरी आल्यावरचं सांगते, कारण ते तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

वहिनी शांत होती. मी घाटावर काय झालं ते रागारागाने सांगितलं, कावळा कसा झटकन शिवला, साहेब काय म्हणाले. तिने नुसती मान हलवली आणि सगळ्यांना पाणी दिलं. तिच्या तोंडावर समाधान होतं. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, हिला वाटत असेल की नवरा हिच्या संसारात तृप्त होऊन गेला. सगळे लोक तेच सांगताहेत. आता मी उठून म्हणू का, की नाही गं, त्याचा जीव एका माशात अडकलेला होता? आयुष्यात प्रथमच मी राग गिळला, दादा. फार वाईट लागतो चवीला.

तेवढ्यात वसंता निघायच्या गडबडीत ओसरीत गेला. कोपऱ्यात काठ्या उभ्या होत्या. म्हणाला, "वहिनी, या इथे पडून पडून सडतील. मी नेऊ का? पोरं तलावावर खेळतील."

"हात नका लावू," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण वसंताचा हात तिथेच थांबला. "त्या शकूवन्संना लागणार आहेत."

"मला?" मी म्हटलं. "मला कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्हाला समुद्रावर जायचं आहे ना. मी सकाळीच सांगितलं त्यांना." तिने देवाजवळच्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं. "तुम्ही लोक घाटावर जायच्या आधी. म्हटलं, उगाच सगळ्यांना उन्हात बसवू नका, तुमची इच्छा माहीत आहे मला. शकूवन्संना पाठवते. त्या धरतील तुमचा कुपा. म्हणून तर कावळा शिवला लगेच. नाहीतर काय त्यांच्या त्या साहेबाला बघून शिवला?"

मी घाटावर सगळ्या जगाशी भांडायला निघाले होते, आणि जिच्या बरणीचं वाटोळं झालं त्या बाईने माझ्या आधी, माझ्या नावावर, वचन देऊन टाकलेलं!

मला विचारायचं तरी! मी भेडाघाटला संगमरवराचे डोंगर बघायला नावेत बसले होते, आठव, नदी अगदी संथ, आणि मी पहिल्या वळणावर ओकले. तू माझं कपाळ धरलं होतंस. त्या मला तुम्ही नवराबायकोंनी मिळून समुद्रात ढकललंत. एकाने वचन घेतलं, एकीने दिलं, कावळ्याने साक्ष दिली, आणि फेडायचं शकूने. मी वहिनीला म्हटलं, मला उलट्या होतात. ती म्हणाली, "मग होऊ द्या. मी येऊन राहिले ना सोबत. मी वाळूवर बसेन, मला बघायचं आहे तो कोण कुपा आहे ज्याच्यासाठी माझी बरणी गेली." आणि मग ती रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. आम्ही दोघी ओसरीत, तुझ्या त्या फुल्या मारलेल्या काठ्यांजवळ बसून खूप रडलो, आणि वसंताची गाडी चुकली.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जातोय. परबकाकांना कळवलं आहे, ते म्हणतात वारा फिरायच्या आत येवा. आज सकाळी मी तुझ्या सगळ्या काठ्या अंगणात मांडल्या आणि पदर खोचून तपासायला बसले. बांबूची अजून तितकीच देखणी आहे, पण तिचे जोड खरंच लेचेपेचे आहेत, तुझं बरोबर होतं. पोलादी तर आतून खाल्लीच गेली. राहिली काचेची. तिला बादली टांगली, दुसरी टांगली. शुक्लाजी भिंतीवरून बघत होते, त्यांनी मुकाट्याने तिसरी बादली आणून दिली. ती वाकली, थरथरली आणि सरळ झाली. मग पातं घेतलं आणि जोडाच्या फटीत घातलं. जातं रे, जातं. तू खोटं बोलत नव्हतास. तरीही मी ओला फडका घेऊन तुझी लाल फुली पुसून टाकली आणि त्या काठीला तुझं काळं रीळ लावलं, माझ्या चपलेच्या ब्रेकसकट. जोडात कडं बसवलेलं नाही. बाजारातल्या लेथवाल्याकडून बसवून घेता आलं असतं, पण मग सिद्ध काय होणार? जी काठी तू नापास केलीस तीच, जशीच्या तशी, मी समुद्रावर नेणार.

आता नीट ऐक. काठी मोडली तर तू खरा. मी होडीत, उलट्या करत का होईना, परबकाकांसमोर ते मोठ्याने कबूल करीन. पण नाही मोडली तर? कुपा होडीखालून पलीकडे गेला, जोड हलला, आणि तरीही ती सरळ झाली तर? तर वाद मी जिंकला, आणि तेव्हा तू समोर हवास. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, "चल शकू, पास." दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. एवढी एकच इच्छा आहे माझी, आणि ती पुरी करतो असं घाटावर उभं राहून मला कोण सांगणार आहे? वसंता? वहिनी? तुझे साहेब?

माझ्या दहाव्याला कावळा शिवायचा नाही, दादा. आत्ताच सांगून ठेवते. बसू दे सगळ्यांना उन्हात.